सगळ्याजणींचे सदाशिवराव

आतल्या खोलीत स्टीलच्या डब्याचं झाकण पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी मी वाण म्हणून चहाच्या गाळण्या लुटल्या होत्या. बिल्डिंगमधल्या बायका आपापल्या गाळणीकडे बघत बसल्या होत्या, जणू तिला किती भोकं आहेत ते आजच कळायला हवं होतं.

झालं होतं एवढंच, की माझ्या मुलीने, रुचिताने, हळदीकुंकवाच्या दिवशी आजीला नाव घ्यायला सांगितलं होतं.

तिचा काही दोष नव्हता. सहावीतली मुलगी. माझ्या नवऱ्याच्या, परागच्या, ऑफिसचा डिजिटल कॅमेरा घेऊन ती एकेका बाईसमोर उभी राहत होती. "काकू, तुमचा उखाणा. इकडे बघा. हसू नका." हॉल संपला की आतली खोली येते, म्हणून ती आत गेली. तिथे माझ्या सासूबाई पलंगावर बसून तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या. "आजी, आता तू," ती म्हणाली, आणि झाकण पडलं.

माझे सासरे गेले तेव्हा रुचिता बालवाडीत होती. तेव्हापासून सासूबाईंची पाठ दरवर्षी संक्रांतीला दुखायला लागते आणि रथसप्तमीला थांबते. तेवढे दिवस त्या कुणाच्या हळदीकुंकवाला जात नाहीत, आणि आपल्या घरी असलं की आतल्या खोलीत बसतात. आत बसा, असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बाहेर या, असंही कुणी सांगितलेलं नाही.

पहिल्यांदा मंदाताई बोलल्या. त्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको, त्यामुळे कुठल्याही शांततेची जबाबदारी त्यांच्यावर येते. "बाळा, आजींना कशाला त्रास? ये इकडे. माझंच परत घे."

"तुमचं झालं, काकू."

मग आतून सासूबाईंचा आवाज आला. रेशनवरची साखर घेऊन झाल्यासारखा. "माझंही झालंय. तुझ्या आईच्या लग्नात घेतलंय मी. कॅसेट आहे त्याची."

आणि त्यांनी झाकण उचलून डब्याला लावलं.

*

हे सगळं शाळेच्या प्रोजेक्टमुळे. तोपर्यंत आमच्या घरी प्रोजेक्ट म्हणजे थर्माकोलचा किल्ला. तो परागने आदल्या रविवारी करायचा आणि रुचिताने सोमवारी शाळेत नेताना बुरूज सांभाळायचा. पण त्या वर्षी रसिका मिस नावाच्या नव्या कॉम्प्युटर टीचर आल्या. त्यांचा प्रोजेक्ट वेगळा होता. घरात, गल्लीत, बिल्डिंगमध्ये जे ऐकू येतं, दिसतं, ते रेकॉर्ड करा. जुन्या कॅसेट असतील तर त्या आणा. मग कॉम्प्युटरवर कापा, जोडा, उलटसुलट करा आणि त्यातून नवंच काहीतरी करा. ह्याला रिमिक्स म्हणायचं. सिनेमातलं गाणं मात्र नको, कारण गॅदरिंगला पाच वर्गांनी एकाच गाण्यावर नाच बसवला होता आणि मिसना त्या गाण्याचं नावही ऐकवत नव्हतं. खाली लिहिलं होतं, पालकांनी मदत करू नये. परागने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि थर्माकोल कापायची सुरी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. त्याला थोडं लागलं असावं.

"मी उखाणे घेणारेय," रुचिताने जाहीर केलं. "सगळ्या बायका एकाच चालीत बोलतात. म्हणजे बीट तयारच आहे."

बीट म्हणजे काय ते मी विचारलं नाही. पालकांनी मदत करायची नव्हती.

लग्नाची कॅसेट कपाटाच्या माथ्यावर, साडीच्या पिशवीत होती. व्हीसीआर कधीच भंगारवाल्याने नेला होता. मीरा रोडला स्टेशनजवळ एक दुकान कॅसेटची सीडी करून द्यायचं, तिथे मी आणि रुचिता गेलो. दुकानदाराने कॅसेट हलवून कानाशी नेली. "शादी का है? पूरा चाहिए, के सिर्फ फेरे?"

"पूरा," मी म्हटलं. "उसमें हमारी सासूमाँ का नाम लेना है।"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुढे समजावलं नाही.

सीडी घरी आली. आम्ही दोघींनी बघितली. सुरुवातीलाच एक मोठं गुलाबाचं फूल उमललं आणि त्याच्या आत माझा चेहरा आला.

"आई, तू गुलाबात काय करतेयस?"

"तेव्हा पद्धत होती."

"आणि बाबा?"

"बाबा पुढे येतील. सूर्यफुलात."

विहिणीची पंगत सगळ्यात शेवटी होती. वरमाई म्हणून माझ्या सासूबाई मधल्या पाटावर, हिरव्या शालूत, खांदे ताठ. नाव घ्या, नाव घ्या, असा गलका चालला होता. त्या नुसता हात करतात आणि अख्खा हॉल गप्प होतो. वाढपीसुद्धा पातेलं धरून थांबतो. मग त्या म्हणतात:

"नारळ बाहेरून खडबडीत, आत पाणी गोड,
सदाशिवरावांचं नाव घेते, त्यांच्या रागाला नाही तोड."

कॅमेरा गर्रकन सासऱ्यांकडे वळतो. ते समोरच्या रांगेत बसलेत, हातात बुंदीचा लाडू, तोंड चावायचं थांबलेलं. त्यावर ते रागावले होते की हसले होते, ह्याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही.

रुचिताने ते चारदा मागे नेऊन ऐकलं. "काय क्लिअर आवाज आहे आजीचा," ती म्हणाली.

मी मात्र दुसरंच ऐकत होते. सासूबाईंच्या तोंडून ते नाव मी तेव्हा ऐकलं होतं, त्यानंतर एखाद्या सत्यनारायणाला, एखाद्या बारशाला. त्याशिवाय कधीच नाही. घरात "अहो", दुसऱ्यांशी बोलताना "हे", रुचिता झाल्यावर "हिचे आजोबा". नवऱ्याचं नाव नुसतं घ्यायचं नाही, घ्यायचं तर उखाण्यातच, हा त्यांचा नियम. आणि ते गेल्यावर त्यांना उखाणा घ्यायला कोण सांगणार? फॅमिली पेन्शनच्या कामाला आम्ही भाईंदर वेस्टच्या बँकेत जातो. खिडकीतला माणूस विचारतो, पतीचं नाव? सासूबाई माझ्याकडे बघतात. मी सांगते, सदाशिव. तो लिहितो. एकदा एक नवीन मुलगा होता, तो म्हणाला, "आजींनाच सांगू द्या ना मॅडम." सासूबाईंनी पिशवी उचलली आणि सरळ बाहेर जाऊन रिक्षात बसल्या. त्या महिन्याचं काम पुढच्या महिन्यात झालं.

*

रुचिता रोज शाळेतून आली की हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसायची. मी पोळ्या लाटता लाटता तिकडून येणारे तुकडे ऐकायचे. "गूळ घातला, गूळ घातला, गूळ." "थांब, थांब, थांब." मधेच तिचा वैताग. तिची अडचण खरी होती. आमच्याकडे उखाण्यात नवऱ्याचं नाव आलं रे आलं, की बाकीच्या सगळ्या एकदम "ओहोहोहो" करून ओरडतात. तो रिवाजच आहे. नाही ओरडलं तर नाव घेणारीला वाईट वाटतं. त्यामुळे तिच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिली ओळ ऐकू येत होती, शेवटचे शब्द ऐकू येत होते, आणि मधे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो नवरा कुठेच ऐकू येत नव्हता.

मग एका रविवारी तिने सांगितलं, पिक्चर तयार आहे.

बघायला आम्ही सगळेच होतो. पराग होता. मीरा रोडहून सुचेताताई आल्या होत्या, परागची मोठी बहीण. मंदाताई माझं पातेलं परत द्यायला आल्या होत्या, त्या थांबल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात लसणाची पाकळी.

आधी तिळगुळाचं ताट आलं. मग पडद्यावर मंदाताई.

"तिळाच्या लाडवात गूळ घातला किलोभर," पडद्यावरच्या मंदाताई म्हणाल्या. आणि मग त्यांचं तोंड हलत राहिलं, पण त्यातून सासूबाईंचा आवाज आला. "सदाशिवरावांचं नाव घेते," आणि परत मंदाताई स्वतःच्या आवाजात, "लिफ्ट बंद आहे महिनाभर!"

पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या भावनाबेन. "खिडकीत ठेवली तुळस, दारात काढली रांगोळी," आणि सासूबाई, "सदाशिवरावांचं नाव घेते," आणि भावनाबेन, "खावो बेन, तिळाची पोळी."

मग मी आले. "भाईंदरच्या खाडीवरचा पूल केवढा लांब," मी म्हणाले. मी डोळे मिटले. "सदाशिवरावांचं नाव घेते, रिक्षावाल्या जरा थांब."

असं करत बिल्डिंगमधल्या एकूण एक बायकांनी माझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं. बी विंगमधल्या दोघींनीही घेतलं. शेवटी पंगत आली, खुद्द सासूबाई आल्या, अख्खा उखाणा झाला, आणि लाडू हातात धरलेले सासरे दिसले. तिथे तिने चित्र थांबवलं होतं.

पराग पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"म्हणजे," मंदाताई सावकाश म्हणाल्या, "आम्ही सगळ्या... सदाशिवकाकांच्या?"

"नाही हो काकू, फक्त आवाज आजीचाय. तुमच्या वेळी सगळे इतके ओरडले, की काकांचं नावच ऐकू येत नाही. आजीचं एकदम क्लिअर आहे. म्हणून मी तेच सगळ्यांना लावलं. सगळ्यांचा मधला भाग सारखाच तर असतो."

"सारखा नसतो गं राजा," मंदाताई म्हणाल्या. "म्हणजे अगदी तसा सारखा नसतो." मग त्यांनी जरा विचार केला. "आमच्या ह्यांचं नाव राहिलं तर राहू दे एकवेळ. पण लिफ्ट? लिफ्ट काय काकांनी बंद पाडली? काका होते तेव्हा लिफ्ट चालू होती."

मला हसू आवरेना. परागलाही. तेवढ्यात माझं लक्ष सुचेताताईंकडे गेलं. त्या हसत नव्हत्या.

"हे शाळेत दाखवणार?"

"शनिवारी, आत्या. सगळ्यांचे आई-बाबा येणारेत."

"काढ ते."

"काय काढू?"

"आईचा आवाज काढ. बाबांच्या नावावर अख्खी शाळा खिदळणार, आणि आपण टाळ्या वाजवायच्या? आणि आईला काय म्हणतील लोक? नवरा जाऊन एवढी वर्षं झाली आणि म्हातारी नाव घेत सुटलीय, तेही बिल्डिंगभर." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "पराग, तू काही बोलणारेस?"

"पालकांनी मदत करायची नाहीये," पराग म्हणाला.

"आत्या, आजीचा आवाज काढला तर पिक्चरच राहत नाही. तोच एक धागा आहे."

"मग दुसरा धागा आण."

रुचिताने आजीकडे बघितलं. मी बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. सासूबाई हातातली लसणाची पाकळी सोलत होत्या. ती सोलून झालेली होती.

"काढून टाक गं," त्या म्हणाल्या. "माझं काय त्यात." आणि आत गेल्या. रथसप्तमी होऊन गेली होती, तरी त्यांची पाठ दुखायला लागली.

*

सुचेताताई निघाल्या तेव्हा आवाज काढायचा शब्द मी त्यांना दिला होता, म्हणून परत रेकॉर्डिंग करणं आलं. मंगळवारी पाणी येत नाही, त्यामुळे बायका मोकळ्या असतात. एकेकीला बोलावलं. ह्या वेळी कुणी ओरडायचं नाही, अशी रुचिताची सक्त ताकीद होती.

"फिर से?" भावनाबेन दारातच म्हणाल्या. "आज तो तिळगूळ पण नाय."

मंदाताई चांगली साडी नेसून आल्या. रुचिताने एक, दोन, तीन म्हटलं. "तिळाच्या लाडवात गूळ घातला किलोभर, उत्तमरावांचं नाव घेते, लिफ्ट बंद आहे महिनाभर." आणि शांतता. खालून भाजीवाल्याची हाक तेवढी आली. मंदाताई इकडेतिकडे बघायला लागल्या. "असं काय मेलं," त्या म्हणाल्या, "रेशन कार्डावर नाव चढवल्यासारखं वाटतंय."

सगळ्यांचं तसंच झालं. माझंही. परागचं नाव मी अशा काही सुरात घेतलं, की तो त्या वेळी ऑफिसात होता ते बरं.

नवा पिक्चर बुधवारी रात्री तयार झाला. त्यात प्रत्येक बाईला आपापला नवरा मिळाला होता. सगळं जागच्या जागी होतं आणि बघताना जांभई येत होती. सासूबाई त्यात कुठेच नव्हत्या. रुचिताने आम्हा दोघींना बोलावून तो दाखवला. "छान आहे," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरची आमटी त्यांना अशीच छान वाटते.

आता कॉम्प्युटरवर दोन पिक्चर होते, एकावर 'जुना' लिहिलेलं, एकावर 'नवा'. शुक्रवारी त्यातल्या नव्याची सीडी मिसना द्यायची होती.

गुरुवारी पाणी भरून मी जरा आडवी झाले. रुचिता शाळेत, पराग कामावर. दुपारी आमची बिल्डिंग अगदी गप्प असते. डोळा लागणार तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. टिक् टिक्. मला वाटलं पाल असेल. परत टिक् टिक्. आणि मग, बारीक केलेल्या आवाजात, "गूळ घातला किलोभर."

मी उठून दाराच्या फटीतून बघितलं.

सासूबाई कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या, चष्मा लावून, पदर खोचून. माऊस त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, पकड सैल केली तर उडून जाईल असा. पडद्यावर जुना पिक्चर चालला होता. त्यांचा स्वतःचा, तेरा-चौदा वर्षांनी तरुण असलेला आवाज म्हणत होता, "सदाशिवरावांचं नाव घेते." त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. फक्त प्रत्येक वेळी नाव आलं की मान किंचित हलायची, कुणीतरी हाक मारल्यावर "आले" म्हणावं तशी.

"लिफ्ट बंद आहे महिनाभर," पडद्यावरच्या मंदाताई म्हणाल्या.

"ह्यांचा काय संबंध?" सासूबाई हळूच कॉम्प्युटरला म्हणाल्या.

शेवटी लाडू आला. चित्र थांबलं. त्याही थांबल्या. मग परत टिक् टिक्, आणि परत पहिल्यापासून. ते झाल्यावर त्यांनी सगळं बंद केलं, कॉम्प्युटरवर त्याचं फुलाफुलांचं कव्हर घातलं, कोपरे सारखे केले. मी पटकन जाऊन झोपले. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "लागला का डोळा?" "लागला," मी म्हटलं.

संध्याकाळी मी रुचिताला गाठलं.

"हो, मीच शिकवलंय तिला," ती म्हणाली. "दोनदा टिक् करायचं. पहिले दोन दिवस ती एकदाच करायची आणि वाट बघत बसायची. आता जमतं. रोज ऐकते."

"मला का नाही सांगितलंस?"

"ती म्हणाली, आईला सांगू नको, तिला वाटेल पाठ बरी झाली."

मी भाजी निवडत होते. मेथीची एक अख्खी जुडी निवडून टाकली. मग म्हटलं, "रुचिता, मिसना जुनाच दे."

"आणि आत्या?"

"आत्याचं मी बघते."

बघते म्हणणं सोपं असतं. फोन लावायला मी अर्धा तास घेतला. सुचेताताईंना उगाच काहीतरी सांगावं, असंही मनात येऊन गेलं. मग सरळच सांगितलं. "ताई, आवाज काढत नाहीये आम्ही."

"का?"

"आई रोज दुपारी लावून ऐकतात तो."

"काय ऐकते?"

"बाबांचं नाव."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "मी नाही येणार शनिवारी," आणि फोन ठेवला.

सासूबाईंना विचारायचं राहिलं होतं. त्या कोथिंबीर चिरत होत्या. "आई, जुनाच देतोय. तुमचा आवाज असलेला."

सुरी थांबली नाही. "तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. आणि मी वळल्यावर, "किती वाजता आहे शाळेत?"

*

शनिवारी त्यांनी मोतिया रंगाची साडी काढली. इस्त्रीला मीच टाकून आणली. परागला ऑफिस होतं.

शाळेच्या हॉलमध्ये एक पांढरी चादर ताणून बांधली होती आणि कुठल्याशा क्लासवाल्यांकडून प्रोजेक्टर आणला होता. आमच्या बिल्डिंगची एक अख्खी रांग होती. भावनाबेनच्या हातात ढोकळ्याचा डबा, कारण कुठेही जायचं तर त्यांना मोकळ्या हाताने जाता येत नाही. आधी एका मुलाने पाण्याच्या पंपाच्या घरघरीवर सोसायटीतली भांडणं बसवली होती. मग मुर्धा गावातल्या एका मुलीने आपल्या आजीचं सुकट विकणं. "ताजी हाय, शिळी न्हाय, ताजी हाय, शिळी न्हाय," अशी ती म्हातारी तालात इतक्यांदा म्हणाली, की हॉलमधली लहान मुलं तिच्याबरोबर म्हणायला लागली. सासूबाईंनी माझ्या कानात विचारलं, "खरंच ताजी असेल का?"

मग रुचिताचा पिक्चर लागला.

मंदाताईंची पहिली ओळ झाली. सासूबाईंचा आवाज हॉलभर आला, "सदाशिवरावांचं नाव घेते." लोक गोंधळले. कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात आमच्या रांगेतून, खऱ्याखुऱ्या मंदाताईंनी, पोटातून आवाज काढला. "ओहोहोहो!"

रिवाजच आहे तो. भावनाबेनच्या वेळी आमची सगळी रांग ओरडली. माझ्या वेळी पुढची रांग ओरडली, जिच्यात आम्ही कुणालाच ओळखत नव्हतो. बी विंगपर्यंत येईस्तोवर अख्खा हॉल सदाशिवरावांची वाट बघत होता, आणि ते आले की ओरडत होता. सासूबाई मांडीवरच्या पदराचं टोक गुंडाळत होत्या, उलगडत होत्या. कुणी त्यांना हसत नव्हतं. जो तो सदाशिवरावांनाच चिडवत होता, चिडवायचं असतं तसं.

शेवटी पंगत आली. वरमाईने हात केला आणि दोन्ही हॉल गप्प झाले, तो आणि हा. "नारळ बाहेरून खडबडीत, आत पाणी गोड." नाव आलं. ह्या वेळी कुणी ओरडलं नाही. लाडू धरलेला माणूस चादरीवर मोठा, थोडा सुरकुतलेला, थांबून राहिला. आणि मग सगळ्यात मागून, एकटाच, घोगरा आवाज आला, "ओहोहो."

मी वळून बघितलं. सुचेताताई दाराजवळ उभ्या होत्या. फेब्रुवारीत त्यांचा घसा बसतो.

मिसनी रुचिताला बी प्लस दिलं. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्या धावतच आमच्या रांगेकडे आल्या, हातात पेन आणि शाळेची सर्टिफिकेटं. "आजी, तुमचा आवाज म्हणजे कमालच! तुम्हालापण एक देतेय मी, सहकार्याबद्दल. रुचिताने नुसतं वासंती सांगितलंय. पूर्ण नाव सांगा. वासंती...?"

वासंतीच्या पुढे काय येतं ते सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं. आत्ता अख्ख्या हॉलला ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सदाशिव," मी म्हटलं. मिसनी लिहिलं.

घरी जाताना सुचेताताई मीरा रोडच्या बसला गेल्या. जाताना आईच्या खांद्यावरचा पदर उगाच सारखा करून गेल्या. आम्ही तिघी रिक्षात बसलो. मधे रुचिता, तिच्या मांडीवर सीडी, सीडीवर दोन सर्टिफिकेटं. रिक्षावाला मार्केटातून जायच्या ऐवजी मागच्या रस्त्याने निघाला. ह्या वेळी मिठागरांवरून वारा येतो. सासूबाईंनी सर्टिफिकेटाचा कोपरा उडू नये म्हणून त्यावर बोट ठेवलं होतं, बरोबर मधल्या नावावर.

"मिस म्हणाल्या सीडी शाळेतच ठेवायची, पण मी मागून घेतली," रुचिता म्हणाली. "आजीला लागते ना दुपारी." सिग्नल नव्हता तरी रिक्षा थांबली, गाय होती.

"आई," ती म्हणाली, "पण समज, सीडी खराब झाली. मग आजीने आजोबांचं नाव कुठे घ्यायचं?"

सासूबाईंनी, बँकेत बघतात तसं, माझ्याकडे बघितलं.